अण्णांना फिरायला नेणं

आमच्या अण्णांनी चादरीवरच्या मोराला तीन पाय काढले, तिथून हे सगळं सुरू झालं.

अण्णा म्हणजे माझे वडील. सोलापुरात एका चादरीच्या कारखान्यात ते नक्षी मांडायचे. आखीव कागदावर बारीक चौकोन असतात. त्यातला कुठला भरायचा, कुठला रिकामा सोडायचा हे ठरवायचं, त्याप्रमाणे पुठ्ठ्यांना भोकं पाडायची आणि ते पुठ्ठे मागावर चढवायचे, की चादरीवर मोर उमटतो. एक चौकोन चुकला तर मोराचा डोळा जातो. अण्णांचे दहा-बारा चुकले. दोन डझन चादरी विणून झाल्यावर एका गिऱ्हाइकानं विचारलं, हा पक्षी कुठला म्हणायचा. मालक भला माणूस. त्यांनी अण्णांना बोलावून घेतलं, बसवलं आणि म्हणाले, "गुढीपाडव्यापर्यंत डोळ्यांचं काय ते बघा. तोवर तुमची जागा मी कुणाला देत नाही." पाडव्यानंतर काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि अण्णांनी विचारलं नाही.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. डॉक्टर म्हणाले, उजवा पिकलाय, आधी तो काढू, डावा पुढच्या वर्षी. पण तपासणीत निघाली साखर. डॉक्टरांनी हातातली चिठ्ठी टेबलावर ठेवली. "ही खाली आल्याशिवाय मी सुरी लावणार नाही. जखम भरायची नाही आणि आहे तेवढा डोळाही जाईल. आणि ऐका, एकदा उन्हं तापली की मी मोतीबिंदूला हात लावत नाही." दिवाळी नुकतीच झाली होती. म्हणजे माघ संपेपर्यंतची मुदत. उपाय दोनच. गोड बंद, आणि रोज सकाळी दोन तास मोकळ्या हवेत चालायचं.

गोड बंद करायचं काम आईनं घेतलं. साखरेचा डबा तिनं असा लपवला की नंतर तो तिलाच सापडेना. कारल्याचा रस, मेथीचे दाणे, ज्वारीची भाकरी. अण्णा बिचारे निमूट गिळायचे. तपासणीचं काम माझ्याकडं आलं, कारण मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि घरात रसायनशास्त्र शिकलेली मीच एकटी. दर रविवारी आमच्या शुक्रवार पेठेतल्या घराच्या धाब्यावर मी स्पिरिटचा दिवा मांडायची. परीक्षानळीत निळं औषध घ्यायचं, त्यात अण्णांच्या लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि उकळायचं. निळं राहिलं तर उत्तम. हिरवं झालं तर चालेल. मग पिवळं, मग नारिंगी. आणि विटकरी झालं तर देवाचं नाव घ्यायचं.

पहिल्या रविवारी नारिंगी आलं. ठीक, आम्ही म्हटलं, सुरुवात आहे. अण्णा काठी घेऊन रोज सहाला बाहेर पडत होते, नऊला परत येत होते, चेहऱ्यावर तेज म्हणाल तर ओसंडून वाहत होतं. दुसऱ्या रविवारी विटकरी. तिसऱ्या रविवारी असं विटकरी, की नळीच्या तळाला गाळ बसला. चालून साखर वाढते असं आमच्या पुस्तकात कुठंही नव्हतं. आईनं नळी उजेडाकडं धरली, बराच वेळ बघितली, आणि पुस्तकाचा आधार न घेता निदान केलं. "हा माणूस बाहेर कुठंतरी खातोय. उद्यापासून तू जा बरोबर."

मला सकाळची झोप जिवापेक्षा प्यारी होती. मी चिडले, आदळआपट केली, अभ्यासाचं कारण पुढं केलं. काही उपयोग झाला नाही.

जकात नाक्यावरून देगावचा रस्ता धरला की अर्ध्या तासात शहर संपायचं. आदल्या वर्षीचा दुष्काळ सरून पहिलंच बरं साल आलं होतं. दोन्ही बाजूंना ज्वारी माणसाच्या छातीपर्यंत आलेली, बांधाकडेला करडईचे काटे, मधूनच बोरीचं झाड. थंडीत काळ्या रानाचा वास येतो, तसा वास मला अजून दुसरीकडं कुठं आलेला नाही. चिडून गेले होते तरी तो आवडला, हे कबूल करते. अण्णा काठीनं रस्ता चाचपत पुढं. एका शेताशी थांबून त्यांनी टोपीला हात लावला आणि आदबीनं रामराम घातला. मी बघितलं तर बुजगावणं. चार पावलं गेल्यावर अण्णा म्हणाले, "रोज रामराम करतो, कधी उत्तर देत नाही. गर्विष्ठ दिसतो." मी म्हटलं, "असतात एकेक."

पुढं रस्त्याच्या वळणाला एक विहीर आणि विहिरीला लागून एक वस्ती होती. छपराचं घर, ओसरी, दोन बैल आणि नवरा-बायको. पोरं पुण्याकडं कामाला गेलेली. त्या दोघांना मी पुढं मामा-मामी म्हणायला लागले. मामा बांधावर उभे होते.

"या. आज पोरगी आनली व्हय? कुटं निघालात?"

"फिरायला," मी म्हटलं.

"ते दिसतंय की. पर कुनाकडं?"

"कुणाकडं नाही. असंच. फिरायला."

मामांनी क्षणभर विचार केला. "मग बसा की. जायाचं कुटंच न्हाई, तर घाई कशाची?"

आम्ही बसलो. मामींनी चहा आणला. त्यात साखर इतकी की ओठ एकमेकांना चिकटले. अण्णा डोळे मिटून पीत होते. मग मामांनी हुरडा भाजला, मामींनी त्याबरोबर गुळाचा खडा ठेवला. तिथून उठलो तर पुढच्या वस्तीवर चहा. त्याच्या पुढं मेंढरं घेऊन बसलेला एक धनगर होता, त्यानं शेळीच्या दुधात गूळ घालून दिला. अण्णांचा हा ठरलेला रस्ता होता आणि ही ठरलेली ठिकाणं. तीन तासांतला दीड तास ते बसून होते. आईनं घरात महिन्याभरात जेवढी साखर वाचवली, तेवढी अण्णांनी देगावच्या रस्त्यावर आठवड्यात भरून काढली होती.

"अण्णा, हे काय चाललंय?" परतताना मी विचारलं.

"अगं, डॉक्टरांनी घरातलं गोड बंद केलंय," अण्णा म्हणाले. "लोकांच्या दारातलं कसं नाही म्हणायचं? माणसासारखं माणूस बोलावतं."

दुसऱ्या दिवशी मी कमरेला पदर खोचून गेले. मामींनी कप पुढं केला तसा मी आडवा हात धरला. "नको मामी. अण्णांना चहा नको." मामींचा हात तिथंच थांबला. त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "आमच्या घरचं चालत न्हाई व्हय तुमाला?" झालं. अण्णांनी माझा हात बाजूला सारला, तो कप घेतला, आणि वर आणखी एक मागून घेतला. रस्ताभर मला ऐकवलं, की शिकून सवरून मी त्यांना मान खाली घालायला लावली. मामींचा तो प्रश्न मलाही झोंबला होता.

मग मी म्हटलं, खरं तेच सांगावं. शेतकरी माणसं आहेत, समजून घेतील. "मामा, अण्णांच्या अंगात साखर वाढलीय. डॉक्टरांनी बंद सांगितलीय."

मामा हसायलाच लागले. "वाढाया ती मिळाली कुटनं? रेशनवर तर कुनाला दिसंना."

मामींनी मात्र गंभीरपणे अण्णांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "डाक्टर काय बी सांगत्यात. डोळ्यांनी दिसंना, पाय दुकत्यात, तोंड सुकलंय. अशक्तपना हाय ह्यो. खायाला पायजे मानसानं." असं म्हणून त्यांनी एक चमचा वाढवला. त्या रविवारी नळीत जो रंग आला त्याला आमच्या पुस्तकात नावच नव्हतं.

मग मला युक्ती सुचली. आता आठवलं तरी माझं मलाच हसू येतं, पण तेव्हा वाटलं होतं, आपल्यासारखी हुशार आपणच. चालणाऱ्या माणसाला लोक चहाला बोलावतात. पळणाऱ्याला कोण बोलावणार? वस्ती जवळ आली की पळत सुटायचं, वस्ती मागं पडली की चालायचं. व्यायामही दुप्पट. अण्णा चोपन्न वर्षांचे, लेंगा, सदरा, टोपी, हातात काठी. ते म्हणाले, "पळेन, पण मला दिसायचं कसं?" म्हणून मी आईची लालभडक साडी नेसले. मी पुढं पळायचं, अण्णांनी लाल रंग धरून मागं यायचं. नाल्यापासून चिंचेपर्यंत सराव केला. छान जमलं.

मग वस्ती आली. मी साडी वर खोचून जी सुटले ती सुटले. अण्णांना वळण दिसेना, ते मागून ओरडायला लागले, "थांब गं, थांब. पुढं जाऊ नको." मी कसली थांबते. दम लागून तोंड लाल झालेलं, केस सुटलेले, समोर विहीर, विहिरीवर मामी धुणं धूत बसलेल्या. त्यांनी मान वर केली. लाल साडीतली पोरगी विहिरीकडं धावत येतेय आणि बाप मागून थांब थांब म्हणून आक्रोश करतोय. त्यांनी हातातलं धुणं टाकलं आणि माझ्या कमरेला अशी मिठी मारली, की आम्ही दोघी चिखलात बसलो.

"आसं करू नगं माज्या लेकी," मामी म्हणत होत्या, "जीव दिऊन काय हुतंय?" मला धाप लागलेली, तोंडातून शब्द फुटेना. त्यांना वाटलं मी हुंदके देतेय. तेवढ्यात अण्णा धडपडत पोचले आणि बांधावर बसून म्हणाले, "सापडली का? बरं झालं." आता याला काय म्हणाल?

मामा नांगर सोडून आले. त्यांनी मला बघितलं नाही, सरळ अण्णांसमोर जाऊन उभे राहिले. "किती वय हाय त्या नवऱ्याचं?"

"कुठल्या नवऱ्याचं?" अण्णा म्हणाले.

"लपवू नका. पोरीच्या मनाविरुद्द लगीन लावत्यात व्हय? शिकलेली मानसं तुमी."

मी श्वास परत आल्यावर सांगितलं, की लग्न नाही, नवरा नाही, आम्ही तब्येतीसाठी पळत होतो. मामा-मामींनी एकमेकांकडं बघितलं. तरणी पोरगी सकाळी सकाळी साडी खोचून पळतेय, म्हातारा मागं काठी घेऊन, आणि म्हणे तब्येतीसाठी. असं कुठलं कारण असतं? मामींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, म्हणाल्या, "न्हाई सांगायचं तर नगं सांगू." आणि आम्ही दोघं घाबरलो असणार म्हणून दोघांना तांब्याभर गूळपाणी दिलं. त्याच्यावर चहा. त्यानंतर आठ दिवस आम्ही गेलो की मामी माझ्या आणि विहिरीच्या मधोमध बसायच्या.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं आणि दिवस जात होते. पौष लागला. डॉक्टरांनी नळीचा रंग ऐकला आणि म्हणाले, "असंच असेल तर या साली विसरा. पुढच्या हिवाळ्यात बघू." पुढच्या हिवाळ्यापर्यंत कारखाना थांबणार नव्हता. घरी आल्यावर थोड्या वेळानं मी बघितलं, तर अण्णा खिडकीत कागद घेऊन बसले होते, आणि चौकोन बोटानं चाचपून मोजत होते. छापील रेघा हाताला कशा लागणार? तरी मोजत होते. मला रडू आलं आणि रडूपेक्षा जास्त राग आला. अण्णांचा, मामींचा, त्या चहाचा, सगळ्यांचा.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर मामींनी कप पुढं केला आणि अण्णांनी हात लांब केला. माझ्या तोंडून निघून गेलं, "अण्णांनी सिद्धेश्वराला गोड सोडलंय. डोळ्यांनी दिसेपर्यंत."

मामींनी कप असा मागं घेतला, जसा पेटलेला कोळसा. "आगं बया. आदी सांगायचं न्हाई व्हय? माज्या हातनं पाप घडलं आसतं की." त्यांनी दोन्ही कानांना हात लावले.

"कवा सोडलं?" मामांनी विचारलं.

"काल संध्याकाळी," मी म्हटलं. कारण काल सकाळी अण्णांनी त्यांच्याच समोर तीन कप रिचवले होते.

डॉक्टर सांगतोय म्हणून जे झालं नाही, आजार आहे म्हणून जे झालं नाही, ते या एका वाक्यानं झालं. अण्णांना बिनसाखरेचा चहा आला. त्यांनी एक घोट घेतला आणि माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की त्यांना नीट दिसत नव्हतं हेच माझं नशीब.

रस्त्यात त्यांचा तोल सुटला. "देवाच्या नावानं खोटं बोललीस."

"मग मोडा."

"मोडा काय मोडा? आता बोलून झालंय ना." अण्णा काही फार देवभोळे नव्हते. वर्षातून एकदा सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला जायचे, तेही बत्तासे आणि पाळण्यांसाठी. पण नवस हा नवस. तो त्यांनी बोलला नव्हता, त्यांच्या वतीनं त्यांच्या पोरीनं खोटाच बोलला होता, तरी त्यांना तो मोडायचं धाडस होईना. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "निदान गूळ तरी वगळायचास."

बातमी आमच्या पुढं पळाली. धनगरानं नुसतं दूध दिलं. पुढच्या वस्तीवर हुरड्याबरोबर फक्त लसणाची चटणी आली. एकदा गुळाच्या ढेपा घेऊन एक बैलगाडी बाजाराला चालली होती. अण्णांनी गाडीमागून चालता चालता हळूच हात लांबवला, तर गाडीवान मागं न बघता म्हणाला, "दादा, तुमचा नवस हाय न्हवं?" त्या माणसाला आम्ही आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. संक्रांतीला मला वाटलं, आता संपलं सगळं. तिळगूळ कोण नाकारणार? पण मामींनी अण्णांच्या हातावर भाजलेले नुसते तीळ ठेवले आणि म्हणाल्या, "गूळ मी तुमच्या वाटचा देवाला ठिवलाय."

आणि बसणं कमी झालं तसं आम्ही खरोखर चालायला लागलो. देगाव ओलांडून पुढच्या माळापर्यंत जायचो. तिथं गवत कमरेइतकं, टिटव्या ओरडायच्या, आणि एकदा काळविटांचा कळप दिसला. तीस तरी असतील. आमची चाहूल लागताच सगळे एकदम उड्या मारत निघाले. मी अण्णांना सांगत होते, आता हे वळले, आता नर मागं थांबला, आता त्यानं मान वर केली. अण्णा त्या दिशेला तोंड करून ऐकत होते. मग म्हणाले, "पाय नीट मोज. मी मोजले की गडबड होते." आम्ही दोघं हसत सुटलो. त्या सकाळी मला कळलं, की मी आता उठायला कुरकुर करत नाही.

माघाच्या सुरुवातीला हिरवं आलं. पुढच्या रविवारी नळी उकळली, थांबले, पुन्हा उकळली, आणि निळं ते निळंच राहिलं. मी धाब्यावरून ओरडले. आईनं आनंदाच्या भरात शिरा करायला घेतला आणि मग हातात रव्याची वाटी धरून तशीच उभी राहिली.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. अण्णा आठ दिवस डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून उताणे पडून होते. हलायचं नाही, शिंकायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही. त्यामुळं मला भेटायला बंदी होती. पुढं महिना-सव्वा महिन्यानं जाड भिंगाचा चष्मा आला. अण्णांनी तो लावला, मला समोर उभं केलं, आणि बराच वेळ बघून म्हणाले, "अगं, तू इतकी काळी कशानं झालीस?"

"तुमच्यामागं उन्हातान्हात फिरून," आई म्हणाली. "आता स्थळ बघायचं कसं ते तुम्हीच सांगा." अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्या भिंगातून सगळं मोठं दिसायचं. जेवताना त्यांनी आईला विचारलं, आज भाकऱ्या एवढ्या मोठ्या का केल्यास.

कारखान्यात मालकांनी त्यांच्यापुढं आखीव कागद ठेवला. अण्णांनी एक फूल मांडून दाखवलं. एकही चौकोन चुकला नाही. मालक म्हणाले, "पाडव्यापासून या." घरी येऊन अण्णांनी पहिली गोष्ट सांगितली, "रविवारी वस्तीवर जायचं. नवस फेडायचाय." खरं तर त्यांना मामींच्या हातचा तो चहा प्यायचा होता. तीन महिने ते त्याच्यावरच बोलत होते. डॉक्टरांनीही हसून एका कपाची परवानगी दिली होती.

ज्वारी काढून झाली होती. रान मोकळं पडलं होतं. अण्णा प्रत्येक झाडाशी थांबून वर बघत होते. आम्हाला बघून मामी पळतच पुढं आल्या. त्यांनी अण्णांच्या डोळ्यांपुढं बोटं नाचवली, "किती?" अण्णा म्हणाले, "तीन. आणि एकाला भाजलंय." मामींच्या डोळ्यांत पाणी आलं. "देव पावला. आज साकरंचा च्या. आता न्हाई म्हनायचं न्हाई." मामांनी घोंगडी अंथरली. आम्ही ओसरीवर बसलो, दारातून आत चूल दिसत होती.

अण्णा आत बघत होते. मी त्यांच्याकडं बघत होते, किती वाट बघतायत म्हणून मला हसू येत होतं. मग मीही आत बघितलं. मामींनी फडताळातून साखरेचा डबा काढला, उपडा करून तळाला दोन चापट्या मारल्या आणि चमच्यानं कडा खरवडल्या. जे निघालं ते आमच्या दोन कपांत विभागून टाकलं. मग आमच्या कपांत दूध घालून चहा गाळला. त्याच चोथ्यात पाणी ओतून परत चुलीवर ठेवलं, आणि तो उकळला तसा जर्मनच्या दोन वाट्यांमध्ये ओतला. एक मामांची, एक त्यांची. त्यात साखर नाही, गूळ नाही, दूधही नाही. हे सगळं त्यांचे हात इतक्या सवयीनं करत होते, की त्यांना ढवळायच्या चमच्याचीसुद्धा आठवण झाली नाही. कपांतला चहा अजून ढवळलेला नव्हता.

"ताई, थांबा," अण्णा म्हणाले.

मामी दारात थांबल्या.

"माझा एकच डोळा झालाय. डावा राहिलाय. नवस दोन्ही डोळ्यांचा आहे."

मामींनी माझ्याकडं बघितलं. "व्हय गं पोरी?"

मला क्षणभर काही कळलं नाही. मग अण्णांचा चेहरा दिसला. "व्हय," मी म्हटलं. "दोन्ही डोळ्यांचा. आणि या खेपेला मीपण सोडलंय."

मामी हळहळल्या, कपातला चहा त्यांनी पातेल्यात परत ओतला, पण तळाची साखर अजून विरघळली नव्हती, ती चमच्यानं अलगद काढून डब्यात ठेवली आणि झाकण घट्ट लावलं. मग पातेल्यातलं सगळं एकत्र करून चार जणांना दिलं. आम्ही ते प्यालो. चव काही चांगली नव्हती.

मामा नाल्यापर्यंत पोचवायला आले आणि परत गेले. अण्णा काठी न टेकता चालत होते, तरी सावकाश. मी तीन महिने त्या ओसरीवर बसले होते. अण्णांच्या कपात किती चमचे पडतात ते मी रोज मोजलं होतं, घरी येऊन आईला आकड्यासकट सांगितलं होतं.

"मला दिसत नव्हतं," अण्णा म्हणाले. ते रागावले नव्हते. "तुला दिसत होतं की गं."